डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे फ्रेंच समाजचिंतनाचे वाचन : एक चिकित्सा

सारांश : डॉ. आंबेडकरांच्या विचारांवर फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव होता, असे एका बाजूने सांगितले जाते. तर १९५४ सालच्या त्यांच्याच निवेदनाच्या आधारे हा प्रभाव दुसऱ्या बाजूने पूर्णपणे नाकारला जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची तपासणी केली आहे. १९१६ सालचा जातिविषयक निबंध, १९२७ सालचे महाड येथील भाषण, पाकिस्तानविषयक ग्रंथ, संविधान सभेतील मांडणी आणि १९५४ सालचे आकाशवाणीवरील भाषण यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, डॉ. आंबेडकरांनी फ्रेंच विचार उसना घेतला नाही आणि टाळलाही नाही. त्यांनी तो तपासला, वापरला आणि जिथे तो अपुरा पडला तिथे बाजूला ठेवला.

बीजसंज्ञा : बंधुता, मैत्री, अनुकरण, श्रमविभागणी, राष्ट्र, विस्मरण.

१. प्रास्ताविक

पदवीच्या वर्गात 'डॉ. आंबेडकरांच्या विचारांवरील प्रभाव' हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. बुद्ध, कबीर, फुले, जॉन ड्यूई आणि फ्रेंच राज्यक्रांती, अशी यादी विद्यार्थी लिहितो व गुण मिळवितो. शिकविणाऱ्याच्याही मनात त्यापुढे प्रश्न उठत नाही. परंतु 'प्रभाव' हा शब्द विचारवंताला निष्क्रिय करून टाकतो. त्याने काय वाचले, त्यातले काय घेतले, काय नाकारले आणि कोणत्या गरजेपोटी, हे सर्व त्या एका शब्दाखाली झाकले जाते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या अध्यापकांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटावा असे एक कारण आहे. निगडीच्या पुढे देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याआधी तीन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले होते की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही आपली त्रिसूत्री फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून आलेली आहे. देहूरोडचा समारंभ आणि हे निवेदन एकत्र वाचले पाहिजे. परंतु त्यासाठी आणखी एका पंचवीस डिसेंबरकडे, म्हणजे १९२७ सालच्या महाडकडे, जावे लागते. कारण तेथे याच डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. या दोन तारखांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात त्यांनी मत बदलले, असे म्हणावयाचे काय? प्रस्तुत लेखाचा हा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. १९१६ : सेनार आणि तार्द

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. या निबंधात जातीच्या चार व्याख्या तपासल्या आहेत : सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. यांपैकी एमिल सेनार हे फ्रेंच प्राच्यविद्यापंडित. त्यांचा जातिविषयक ग्रंथ १८९६ सालचा आहे. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेला जातीचे लक्षण मानले. पंचविशीतल्या आंबेडकरांनी ते मान्य केले नाही. विटाळाची कल्पना पौरोहित्याशी निगडित आहे आणि जातीला धार्मिक रंग असल्यामुळे ती जातीशी जोडली गेली आहे, असे त्यांचे म्हणणे. जातीचे खरे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीबाहेर विवाह न करण्यात आहे, हे त्यांनी दाखविले. या बाबतीत त्यांना श्रीधर व्यंकटेश केतकर अधिक जवळचे वाटले, तरी केतकरांचीही त्यांनी दुरुस्ती केली.

सेनार यांचा उपयोग त्यांनी खंडनासाठी केला, तर गाब्रिएल तार्द यांचा उपयोग रचनेसाठी केला. तार्द हे पेशाने न्यायाधीश. त्यांचा अनुकरणाच्या नियमांवरील ग्रंथ १८९० साली फ्रेंचमध्ये आणि १९०३ साली इंग्रजीत आला. इंग्रजी आवृत्तीला कोलंबियातील समाजशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज यांची प्रस्तावना होती. अनुकरण वरून खाली वाहते आणि जवळीक जितकी अधिक तितके अनुकरण तीव्र, हे तार्द यांचे दोन नियम डॉ. आंबेडकरांनी घेतले आणि हिंदू समाजावर लावून पाहिले. ब्राह्मणांनी स्वतःभोवती कुंपण घातले. त्यांच्या निकटच्या जातींनी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही चालींचे अनुकरण केले. त्यापेक्षा दूरच्या जातींनी वैधव्य व बालविवाह उचलले. आणखी दूरच्या जातींनी केवळ बालविवाह स्वीकारला आणि सर्वांत दूरच्या जातींकडे फक्त जातीचे तत्त्व पोचले. फ्रेंच समाजशास्त्रातील एक सर्वसाधारण नियम येथे इतक्या नेमक्या भारतीय तपशिलांवर तपासला गेला की, तो नियमच नव्या अर्थाने उजळला.

मात्र या उपयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अनुकरणाच्या सिद्धांतातून जातींचा प्रसार उलगडतो. अस्पृश्यतेतील हिंसा उलगडत नाही. ज्यांना पाणवठ्यावर येण्यास मज्जाव आहे, त्यांची स्थिती ही त्यांनी केलेल्या अनुकरणाचे फळ म्हणता येत नाही. 'स्वतःहून दार लावून घेणे' आणि 'दार तोंडावर लावले जाणे' यांतील दुसरी गोष्ट निबंधात येते, परंतु तिचा पुरेसा विस्तार होत नाही. डॉ. आंबेडकरांनाही हे उमगले असावे, असे मानण्यास आधार आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात ते अनुकरणावर विसंबत नाहीत. तेथे ते विस्कळीत टोळ्यांतील माणसे, बौद्ध धर्म आणि गोमांसभक्षण यांच्या आधारे सर्वस्वी वेगळी उपपत्ती मांडतात. तार्द यांना त्यांनी जितके काम सोपविता येईल तितकेच सोपविले.

३. दुर्खीम यांचे अनुपस्थित साहचर्य

तार्द यांचे समकालीन प्रतिस्पर्धी एमिल दुर्खीम यांनी १८९३ साली श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. आधुनिक समाजातील श्रमविभागणी माणसांना परस्परावलंबी करते व त्यातून नव्या प्रकारचे ऐक्य निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी एक अपवादही नोंदविला. काम माणसाच्या गुणानुसार न मिळता वर्ग वा जातीच्या बंधनामुळे लादले जाते, तेव्हा ती 'सक्तीची श्रमविभागणी' ठरते आणि तिच्यातून ऐक्याऐवजी संघर्ष जन्मतो.

१९३६ सालच्या जातिनिर्मूलनविषयक न झालेल्या भाषणात, जात ही श्रमविभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांचे सुप्रसिद्ध विधान येते. तेथे त्यांनी दुर्खीम यांचे नाव घेतलेले नाही. तरीही दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्यास डॉ. आंबेडकर कोठे पुढे जातात ते दिसते. दुर्खीम यांच्या दृष्टीने सक्तीची श्रमविभागणी हा एक विकार आहे. मूळ प्रकृती निरोगी आहे. डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने येथे विकार हीच रचना आहे, कारण श्रमिकांचे गट एकावर एक रचलेले आहेत. शिवाय त्यांनी एक अस्सल आर्थिक मुद्दा मांडला : उद्योग स्थिर नसतो, त्यात वेगाने बदल होतात, अशा वेळी जन्माने ठरलेला धंदा सोडण्याची मुभा नसेल तर जात हीच बेकारीचे कारण बनते.

आपल्या परिसरात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. देहूरोडच्या समारंभाच्या वर्षीच, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि अलीकडच्या काळात चाकण असा हा पट्टा विस्तारला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली. कारखान्याच्या दारात कोणी जात विचारत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु कायम कामगार कोण, ठेकेदाराकडचा कोण, गटारात कोण उतरतो आणि भाड्याची खोली कोणाला सहज मिळते, हे प्रश्न विचारल्यास सक्तीच्या श्रमविभागणीचा विषय संपलेला नाही, हे लक्षात येते. दुर्खीम यांना अपेक्षित असलेले ऐक्य यंत्राच्या पट्ट्यावरून आपोआप उतरत नाही.

४. महाड : आदर्श म्हणून फ्रान्स

आता १९२७ कडे वळू. महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले की, चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही. आपण येथे समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी आलो आहोत. या हेतूला शोभेल असा पूर्वदाखला म्हणून त्यांनी फ्रेंच राष्ट्रीय सभा निवडली. ज्यांना शाळेचा उंबरठाही नाकारला गेला होता अशा श्रोत्यांसमोर मराठीतून व्हर्सायची कथा सांगितली जात होती, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मानवी हक्कांचा जाहीरनामा परिषदेने संमत केला आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले.

येथे फ्रान्सचे स्थान कोणते? ते प्रमाणग्रंथाचे नाही. राज्यक्रांतीत रक्तपात झाला, देश अनेक वर्षे अशांततेत होरपळला, हे त्यांनी लपविले नाही. हिंदू समाजातील वरिष्ठांनी वेळीच शहाणपण दाखविले नाही तर काय होऊ शकते, याचा इशाराही त्या दाखल्यात होता. म्हणजेच फ्रान्स हा एकाच वेळी आदर्श आणि ताकीद होता. जे समाज जन्मसिद्ध विषमता ईश्वरी मानत होते, त्यांतील एकाने ती जाहीर सभेत मोडीत काढली, एवढे सिद्ध करण्यासाठी तो दाखला आवश्यक होता. तुलना घटनेशी होती. मूल्यांच्या मुळाचा दावा तेथे नव्हता.

५. रनाँ आणि विस्मरणाचा प्रश्न

अर्नेस्ट रनाँ (मराठी लेखनात 'रेनन') यांनी ११ मार्च १८८२ रोजी सोर्बाँ येथे राष्ट्र म्हणजे काय या विषयावर व्याख्यान दिले. वंश, भाषा, धर्म वा भूगोल यांनी राष्ट्र बनत नाही. सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची वर्तमान इच्छा यांनी ते बनते, असे रनाँ म्हणतात. राष्ट्र घडण्यासाठी बरेच काही विसरावेही लागते, हा त्यांचा प्रसिद्ध मुद्दा. १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी रनाँ यांचा आधार घेतला. हिंदू व मुसलमान यांच्यात सामायिक स्मृती नाहीत आणि भूतकाळ विसरण्याची तयारीही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

रनाँ यांच्या या उपयोगातून एक पेच निर्माण होतो. राष्ट्रासाठी विस्मरण आवश्यक असेल, तर जातीच्या संदर्भात विसरावे कोणी? पीडिताला 'झाले गेले विसरा' असे सांगणे सोपे असते. महाडमध्ये डॉ. आंबेडकरांनी विसरण्याचे आवाहन केले नाही. त्यांनी आठवण करून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने राष्ट्राच्या आड येणारी गोष्ट जातीची स्मृती नव्हती, तर जातीचे अस्तित्व होते. रनाँ यांच्या सूत्राची ही अप्रत्यक्ष दुरुस्ती आहे. जे अजून घडतच आहे ते विसरता येत नाही. आधी ते थांबवावे लागते. ही दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्रपणे मांडली असती तर राष्ट्रविषयक चर्चेत मोलाची भर पडली असती. त्यांच्या दोन ग्रंथांच्या मधल्या जागेत ती आज आपल्याला शोधावी लागते, ही त्यांच्या रनाँ-वाचनातील उणीव मानावी लागेल.

६. बंधुता : जाहीरनाम्यात नसलेला शब्द

२६ ऑगस्ट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात स्वातंत्र्य आहे, हक्कांची समता आहे, बंधुता नाही. हा तिसरा शब्द अधिकृत ब्रीदात स्थिरावला तो १८४८ च्या दुसऱ्या प्रजासत्ताकात. शिवाय त्या जाहीरनाम्यातील 'मानव' हा पुरुषच होता, हे ओलँप द गूज या लेखिकेने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहून दाखवून दिले. १७९३ साली तिला गिलोटिनखाली जावे लागले.

आपल्या संविधानाच्या इतिहासातही असेच घडले. १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. मसुदा समितीने ती उद्देशिकेत घातली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर करताना अध्यक्ष या नात्याने डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारणही नोंदविले : बंधुभावाची गरज भारताला आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणीनंतरचे ते दिवस होते. पुढे १९४९ च्या भाषणात या तिन्ही तत्त्वांना एकमेकांपासून तोडता येणार नाही, तोडल्यास लोकशाहीचा हेतूच पराभूत होईल, असे त्यांनी बजावले.

त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या व १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या हिंदू धर्मातील कोड्यांविषयीच्या लेखनात ते आणखी एक पाऊल पुढे जातात. फ्रेंच क्रांतिकारकांनी ज्याला बंधुता म्हटले तो शब्द अपुरा आहे. योग्य शब्द बुद्धाचा, म्हणजे मैत्री, असे ते म्हणतात. हा केवळ शब्दांचा बदल नाही. बंधुतेत घराची, रक्ताची कल्पना आहे आणि जातिसमाजात 'भाऊ' हा जातीतलाच असतो. भाऊबंदकीचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. मैत्रीला रक्ताची अट नाही. ती शत्रूपर्यंत आणि सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचते. फ्रेंच त्रिसूत्रीतील सर्वांत दुबळा शब्द डॉ. आंबेडकरांनी नेमका ओळखला आणि तोच आपल्या विचाराचा आधारस्तंभ केला.

७. १९५४ : नकाराचा अर्थ

या पार्श्वभूमीवर आकाशवाणीवरील निवेदन पुन्हा वाचावे. अमर्याद स्वातंत्र्य समतेचा नाश करते आणि निरपवाद समता स्वातंत्र्याला जागा ठेवत नाही, असे ते तेथे म्हणतात. कायदा हा रक्षक खरा, पण हमी नव्हे. कारण कायदा ऐहिक आहे व तो कोणीही मोडू शकतो. खरी हमी बंधुतेची आणि बंधुता म्हणजेच धर्म. आपल्या तत्त्वज्ञानाची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत, हे त्यांचे विधान या युक्तिवादाचा भाग आहे. फ्रेंच राज्यक्रांती समता निर्माण करू शकली नाही, हे त्यांनी बुद्ध व मार्क्स यांच्या तुलनेतही म्हटले आहे. म्हणून १९५४ चा नकार हा अस्मितेचा उद्गार नाही. ज्या क्रांतीने घोषणा दिली तिच्याजवळ ती घोषणा टिकविणारे सामाजिक बळ नव्हते, असे ते निदान आहे. महाडला फ्रान्सकडून धैर्य घेतले. देहूरोडला, जे फ्रान्सजवळ नव्हते त्याची प्रतिष्ठापना केली. दोन्ही भूमिकांत विसंगती नाही.

तथापि, केवळ नकारावर भर देणाऱ्या अभ्यासकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. समाज बांधून ठेवण्यासाठी कायद्यापलीकडे काहीतरी पवित्र लागते, हा प्रश्न फ्रेंच विचारानेही सतत विचारला आहे. १७६२ सालच्या सामाजिक करारावरील ग्रंथात रूसो यांनी नागरी धर्माचे प्रकरण लिहिले. ऑग्यूस्त काँत यांनी मानवतेचा धर्म स्थापू पाहिला. दुर्खीम यांनी १९१२ साली धर्म ही समाजाचीच शक्ती असल्याचे प्रतिपादन केले. डॉ. आंबेडकरांचे उत्तर यांपैकी कोणाचेही नाही; पण प्रश्न सामायिक आहे. उत्तर स्वतंत्र असणे आणि प्रश्न सामायिक असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. येथे एक शंकाही नोंदविणे आवश्यक वाटते. बंधुता धर्माच्या पायावर उभी करावयाची, तर वेगवेगळे धर्म मानणाऱ्यांच्या, वा कोणताच न मानणाऱ्यांच्या, समाजात ती कशी उभी राहील? धम्म हा रूढ अर्थाचा धर्म नव्हे, तो माणसामाणसांतील सदाचार आहे, असे उत्तर त्यांच्या अखेरच्या ग्रंथात मिळते. ते उत्तर मोठे आहे. परंतु ते नागरिकशास्त्रात कसे उतरवावे, हे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.

८. समारोप

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार संघटनांच्या अभ्यासवर्गासमोर बोलताना डॉ. आंबेडकरांनी एक खंत व्यक्त केली होती. कामगारांनी रूसो, मार्क्स, पोप तेरावे लिओ व मिल यांचे मूळ लेखन वाचावे, असे त्यांना वाटे; मनोरंजक कथा-कहाण्यांत वेळ घालविणे त्यांना मान्य नव्हते. फ्रेंच राजकीय विचार हा विद्यापीठाच्या भिंतींआड ठेवण्याचा विषय त्यांनी मानला नाही. तो कामगाराच्या हाती असावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील आज या पट्ट्यातील कारखान्यांत पाळी करतात. काही विद्यार्थी स्वतःही रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात. त्यांना 'फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव' ही एक ओळ पाठ करावयास लावणे म्हणजे त्या अपेक्षेची थट्टा होय. त्याऐवजी सेनार यांचे खंडन, तार्द यांचा मर्यादित उपयोग, रनाँ यांच्यासंबंधीचा अनिर्णित पेच आणि बंधुतेकडून मैत्रीकडे झालेला प्रवास, हे चार टप्पे मूळ उताऱ्यांसह शिकविता येतील. असे शिकविल्यास डॉ. आंबेडकर हे कोणाच्या तरी प्रभावाखालचे नाव न राहता, जगाच्या विचाराशी बरोबरीने वाद घालणारे विद्वान म्हणून विद्यार्थ्यांसमोर उभे राहतील. त्या विद्यार्थ्यांनाही, आपण वाचतो त्या प्रत्येक ग्रंथाला प्रश्न विचारता येतो, याची जाणीव होईल. अध्यापक म्हणून आपल्याकडून याहून अधिक काही अपेक्षित नसावे आणि याहून कमी केल्यास ते पुरेसे ठरणार नाही.